काश्मीरचं आंबरी सफरचंद, लातुरात दिसलं तर सोडू नका

गंजगोलाईत एका गाड्यावर आंबरी मिळालं म्हणून मुद्दाम लिहायलोय, कारण आपल्याकडं सफरचंद म्हणलं की लालभडक डेलिशियस नाहीतर चकचकीत मेण लावलेलं परदेशी, तिसरं काही लोक बघतच नाहीत. आंबरी ही काश्मीरची मूळची जात, शोपियान त्यासाठी नावाजलेलं. डेलिशियस अमेरिकेतून आलेलं, हे तिथल्याच मातीतलं.

रंगावर जाणारा माणूस हे घेणारच नाही. लांबुळकं फळ, पिवळट हिरव्या सालीवर लाल रेघा, उन्हाची बाजू लाल आणि दुसरी फिक्कट. पण वास!! पिशवी रात्री स्वयंपाकघरात ठेवली तर सकाळी दार उघडल्या उघडल्या आई म्हणाली, अत्तर सांडलं का रे कुठं. आतला गर पांढराशुभ्र, चावला की कर्रकन तुटतो, गोडी भरपूर आणि आंबटपणा अगदी नावाला, त्यामुळं ज्यांना ग्रॅनी स्मिथ नावाचं हिरवं आंबट सफरचंद आवडतं त्यांना हे नाही आवडायचं.

टिकतंय पण जबरदस्त, ती याची जुनी ओळखच हाय. सोबत आणलेलं डेलिशियस पिठूळ झालं तरी पेपरात गुंडाळलेलं आंबरी तसंच कडक.

एवढं चांगलं असून बाजारात का दिसत नाही, तर झाडाला फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात, माल कमी निघतो, म्हणून तिकडच्या बागांत डेलिशियस आलं आणि हे मागं पडलं. आपल्याकडं बांधावरचे गावरान आंबे जाऊन केशर आला तसंच, शेतकऱ्याला तरी काय बोलणार, त्याला घर चालवायचंय. तरी वाईट वाटतंच.

घेताना एक बघा, लाल आंबरी नावाचं वेगळं येतं, ते आंबरी आणि रेड डेलिशियसचा संकर हाय, रंगानं जास्त लाल. वाईट नाही ते, पण आंबरीच्या भावात ते गळ्यात मारून घेऊ नका.

अर्धा स्टार कापला कारण गाडेवाला निवडू देत नव्हता आणि खालची दोन-तीन दबलेली निघाली. भाव डेलिशियसपेक्षा किलोमागं चाळीस-पन्नासनं जास्त, माझ्या मते तेवढं द्यायला हरकत नाही. उशिरा पिकणारी जात हाय, दिवाळीच्या आसपास विचारत राहा आणि पैसे द्यायच्या आधी एक फोड कापून मागा, हक्कानं मागा.