शाळेचा निरोप: डायरी की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप?

डायरीतला निरोप एकाच घरासाठी असतो. ‘गृहपाठ अपूर्ण, भेटून जावे’ एवढंच बाई लिहितात. खाली पालकांची सही नसेल, तर निरोप पोचला नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं. (काही पोरं सही स्वतःच ठोकतात, तो भाग वेगळा.)

पावसामुळे पहाटे सुट्टी जाहीर झाली की डायरी काय कामाची? तिथे ग्रुपच हवा. पण ‘उद्या पांढरा गणवेश’ या ओळीखाली ‘ओके मॅडम’ची रांग आणि सुप्रभातची फुलं पडली की मूळ निरोप गाडला जातो. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहू देण्याची सोय २०१८पासून आहे, तरी कित्येक ग्रुपवर ती बंदच! ती चालू करून सुट्ट्या, वेळापत्रक तिथे टाकावं. मुलाची तक्रार मात्र डायरीतच. ती सगळ्या वर्गाच्या आईबापांनी कशाला वाचायची?