पाचव्या महिन्याची सोनोग्राफी: आतड्यांच्या बाबतीत किती भरवशाची?

१८ ते २० आठवड्यांत होणाऱ्या ॲनोमली स्कॅनचा, म्हणजे गर्भातल्या बाळाचे शारीरिक दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरात पेढे वाटले जातात. मेंदू, मणका, हृदय यांच्यासाठी हा स्कॅन चांगलाच आहे. आतड्यांच्या बाबतीत मात्र त्याला सरसकट गुण देता येत नाहीत.

पोटाच्या भिंतीतले दोष तो छान पकडतो. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये भोक बहुधा नाळेच्या उजवीकडे असतं आणि आतड्याची वेटोळी आवरणाशिवाय गर्भजलात तरंगतात. ओम्फॅलोसीलमध्ये आतडी, कधी यकृतही, पातळ पिशवीत असतं आणि नाळ त्या पिशवीलाच जोडलेली असते. रिपोर्टमध्ये नुसतं 'आतडी बाहेर' लिहून भागत नाही, कारण ओम्फॅलोसीलसोबत गुणसूत्रांचे आणि हृदयाचे दोष बरेचदा असतात. मग गुणसूत्रांसाठी गर्भजल तपासणी आणि फीटल इको, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, लागतात. १२ आठवड्यांआधी मात्र आतडी नाळेत असणं नैसर्गिकच, तेव्हा घाबरवणारा रिपोर्ट आला तर आधी आठवडे मोजा.

खरी अडचण आतड्यातल्या अडथळ्यांची. बाळ गर्भजल गिळतं, ते अडतं आणि मागचा भाग फुगतो, पण तो दिसण्याइतका फुगायला वेळ लागतो. ड्युओडेनल अट्रेझियाचे (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असण्याचे) दोन बुडबुडे, म्हणजे जठर आणि त्याच्या पुढचा फुगलेला भाग, बहुतेकदा २४ आठवड्यांनंतर स्पष्ट होतात. हे दोन बुडबुडे एकमेकांना जोडलेले दाखवले पाहिजेत, नाहीतर जठराच्या वाकड्या छेदानेही फसगत होते. या दोषाच्या सुमारे एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो. लहान आतड्यातला अडथळा तर तिसऱ्या तिमाहीत कळतो: ७ मिमीहून रुंद वेटोळी, वाढलेलं गर्भजल. गुदद्वाराचे दोष बरेचदा सुटतात आणि हर्षस्प्रुंग (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसण्याचा आजार) तर जन्मानंतरच उघडकीला येतो. म्हणून २८ ते ३२ आठवड्यांचा ग्रोथ स्कॅन 'फक्त वजनासाठी' म्हणून टाळू नये.

सगळ्यात जास्त विनाकारण रडारड होते ती 'एकोजेनिक बॉवेल', म्हणजे सोनोग्राफीत जास्त पांढरं दिसणारं आतडं, या शब्दांनी. मशीनचा गेन (चित्राचा उजळपणा) चढवला, हार्मोनिक (चित्र ठळक करणारी सोय) चालू ठेवलं किंवा जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावला, की चांगलं आतडंही पांढरं दिसतं. नीट पद्धत अशी: हार्मोनिक बंद करायचं आणि चित्रात फक्त हाड पांढरं उरेपर्यंत गेन उतरवायचा. तरीही आतडं कमरेच्या हाडाइतकं पांढरं राहिलं, तर ती नोंद खरी. मग सीएमव्ही (एका विषाणूचा संसर्ग), गुणसूत्रं, सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा आनुवंशिक आजार), बाळाची वाढ हे सगळं पाहायचं. बाळाने गिळलेल्या रक्तानेही असं दिसतं, त्यामुळे आईला रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांना सांगा.

केंद्र निवडताना थ्रीडी-फोरडीच्या जाहिरातीवर जाऊ नका. आतडी साध्या टूडीतच तपासतात, चेहऱ्याचा फोटो ही हौस. रिपोर्टमध्ये जठराचा बुडबुडा दिसला का, तो डावीकडे आहे का, नाळ पोटाला जोडते तिथली भिंत सलग आहे का आणि गर्भजल किती, हे लिहिलेलं हवं. बुडबुडा दिसलाच नाही तर थोड्या वेळाने पुन्हा पाहायला सांगा, बाळाने तेव्हाच जठर रिकामं केलेलं असू शकतं. पुन्हाही दिसत नसेल आणि पाणी वाढत असेल, तर अन्ननलिकेचा दोष मनात धरावा लागतो.

दोष नक्की झाला तर बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच ठरवा. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये उघडी आतडी जन्मताच निर्जंतुक आवरणात झाकावी लागतात, आणि त्याची तयारी प्रसूतिगृहात आधीपासून असावी लागते.