सुई टोचली तेव्हा सेफ्टी सेलची खरी परीक्षा झाली

खानापूरहून रोज बेळगावला येतो, एका मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॉलेजचं नाव घालत नाही, नोकरी करायची आहे अजून. मागच्या महिन्यात रक्त काढून झाल्यावर सुईला परत टोपण लावायला गेलो, लावायचं नसतं हे माहीत होतं पण घाई नडली, आणि बोटात घुसली की वो! हातमोज्यात रक्ताचा ठिपका बघून पायच लटपटले. सेफ्टी सेलला, म्हणजे कॉलेजात आमची सुरक्षा बघणाऱ्या विभागाला, फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "बोट पिळू नका, साबण पाण्यानं धुवा आणि तसेच वर या." लगेच पेशंटचं आणि माझं रक्त तपासायला घेतलं, एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्यांचा पहिला डोस पण दिला. ७२ तासांच्या आत घ्यायचाच, पण जेवढा लवकर तेवढा बरा, कोर्स २८ दिवसांचा. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून डॉक्टरांनी माझ्या गोळ्या थांबवल्या. इथंपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

बाकी बोंब. हिपॅटायटिस बीची लस ०, १, ६ महिन्यांनी असते, माझा तिसरा डोस राहिलेला कुणाच्या लक्षातच नाही. अॅनाटॉमी हॉलमध्ये मृतदेह टिकवायच्या फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात आणि एक्झॉस्ट फॅन कधीचा बंद. कचऱ्याच्या डब्यांवर सगळं इंग्रजी कन्नडमध्ये, आमच्या मावशी मराठीच वाचतात, रंग बघून काम चालवतात बिचाऱ्या. सुयांचा पांढरा डबा तर काठोकाठ, पाऊण भरला की बदलायचा असतो. मी आता तिसरा डोस घेतला, मावशींचंही लसीचं कार्ड काढून दिलं.