लहान एलईडी विजेरी आणि जुन्या प्रोजेक्टरचे भिंग
एका सेलवर चालणारी ही लहान विजेरी मूळ स्थितीत जवळच्या कामापुरतीच बरी आहे, कारण तिचे प्लास्टिकचे भिंग बराच प्रकाश कडेला सांडू देते. मोडीत निघालेल्या स्लाइड प्रोजेक्टरमधील काचेचे जाड बहिर्वक्र भिंग पुढे बसवले, तेव्हा मात्र झोत असा एकवटला की दूरच्या झाडाची फांदी न् फांदी वेगळी दिसू लागली. भिंग एलईडीपासून नेमके नाभीय अंतरावर (भिंगातून आलेले समांतर किरण जिथे एकत्र येतात, तेवढ्या अंतरावर) आले की भिंतीवर एलईडीच्या चिपची चौकोनी प्रतिमा उमटते. ते किंचित आत सरकवले की कडा मऊ होतात, आणि चालताना मला तीच स्थिती अधिक सोयीची वाटते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणून यापुढे आणखी एक भिंग जोडू नये. विजेरीचे आटे कच्चे आहेत. त्यामुळे भिंगाच्या वजनासाठी नळीचा आधार द्यावाच लागतो.