पडदा की पेटी? दिव्यावरचे छोटे पतंग बघायचे तर

बागेतल्या दिव्यावर येणारे मोठे पतंग चित्रांशी ताडून ओळखता येतात. खरी दमछाक होते ती सेंटिमीटरभर लांबीच्या करड्या-पिवळ्या पतंगांपाशी. त्यांच्यासाठी दिव्यापाशी पांढरा पडदा टांगावा, की पतंग रात्रभर आत अडकून राहतील अशी दिव्याची सापळा-पेटी ठेवावी? माझं मत आधीच सांगतो: पडदा.

छोटा पतंग नुसत्या रंगावरून क्वचितच ओळखू येतो. तो बसतो कसा, हे बघावं लागतं. पिसांसारखे पंख असलेले टेरोफोरिडी कुळातले पतंग पंख गुंडाळून आडवे पसरतात आणि इंग्रजी ‘टी’सारखे दिसतात. टॉर्ट्रिसिडी कुळातले बरेचसे पंख मिटल्यावर घंटेच्या आकाराचे होतात. ग्रॅसिलॅरिडीतले कित्येक पुढचं अंग ताठ उचलून बसतात, जणू कोणी हाक मारली आहे. पडद्यावर हे सगळं समोर दिसतं आणि बाजूनं फोटोही काढता येतो. पेटीत मात्र हेच पतंग आत ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या फटींत शिरतात, धडपडणाऱ्या मोठ्या पतंगांमुळे त्यांचे खवले झडतात आणि सकाळी झाकण उघडताच उरलेले भुर्रकन उडून जातात.

पेटीचा फायदा एकच, पण मोठा: तुम्ही झोपू शकता. रोज ठरावीक तास मोजणी करायची असेल तर पेटीच घ्या.

दिवा कुठला? १२५ वॅटचा मर्क्युरी व्हेपर सर्वांत जास्त गर्दी खेचतो, पण त्याला चोक लागतो, तो भयंकर तापतो आणि पावसाचा थेंब पडला तर काच तडकू शकते. अतिनील ट्यूब किंवा ३६५ नॅनोमीटरचा एलईडी बॅटरीवर चालतो. गर्दी कमी होते, म्हणजे छोट्यांकडे बघायला सवड मिळते. फक्त त्याच्याकडे टक लावून बघू नका. बागेतला पिवळसर एलईडी या कामात सर्वांत मागे.

(पतंग दिव्यावर भाळतो हे कवींचं म्हणणं. २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार कीटक उडताना आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतात. आकाश वर असतं या सवयीनं फसतात आणि दिव्याभोवती फिरत राहतात.)

काही जाती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासल्याशिवाय ओळखता येत नाहीत. तिथे कुळाचं नाव लिहून थांबावं. आणि पडदा उजाडायच्या आत काढा, नाहीतर पक्ष्यांची न्याहारी तिथेच होईल.