पहिलं पुस्तक: मोठं प्रकाशनगृह की छोटं?

मोठ्या प्रकाशनगृहाकडे गेलं की वितरण, जाहिरात, दुकानात दर्शनी जागा सगळं आयतं मिळेल, असं वाटतं. मिळतंही, पण बहुधा त्यांच्या नावाजलेल्या लेखकांना. नवखा यादीत खाली असतो आणि हस्तलिखितावर उत्तर यायलाच कित्येक महिने जाऊ शकतात. छोटा प्रकाशक वर्षाला मोजकीच पुस्तकं काढतो, त्यामुळे संपादक एकेका प्रकरणावर तुमच्यासोबत बसण्याची शक्यता जास्त. वितरण मात्र लंगडं.

करार दोन्हीकडे बारकाईने वाचा. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, छापील किमतीवर की प्रकाशकाकडे प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर? विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली, तर जमा रकमेवरचे १० टक्के म्हणजे छापील किमतीचे फक्त ६. आवृत्ती संपली आणि पुन्हा छापली नाही, तर हक्क कधी परत मिळणार, तेही लेखी हवं. (छपाईचा खर्च लेखकाकडूनच उकळणारा तिसरा प्रकार मी या तुलनेत धरलेलाच नाही.)

कथासंग्रह किंवा पहिली कादंबरी असेल, तर मी बेलाशक छोटा प्रकाशक निवडेन. जाडजूड संदर्भग्रंथाचं गणित वेगळं: त्याचा निर्मितीखर्च छोट्याला सहसा झेपत नाही, तिथे मोठ्याकडे ताटकळणं परवडतं.