क्रिप्टिक कोड्यांचं ॲप: दहा महिने, 211 दिवस आणि बारा मिनिटं

हा अनुभव मी जुलैतच लिहायला घेतला होता. तेव्हा पाचपैकी साडेचार तारे देणार होतो. आळस केला, बरं झालं.

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. पाडव्याच्या दिवशी वर्षाची वर्गणी भरली, 2999 रुपये. दिवसाला आठ रुपये बावीस पैसे. हा हिशेब मी पैसे भरायच्या आधी तीनदा केला होता आणि हिला एकदाच सांगितला. रोज एक पंधरा बाय पंधरा चौकटींचं क्रिप्टिक शब्दकोडं, इंग्रजीतलं, लंडनहून येणारं. क्रिप्टिक म्हणजे काय ते इथे शिकवत बसत नाही. क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात चलाखी असते आणि वरवर वाचलं तर भलतंच काहीतरी दिसतं, एवढं धरून चाला. ॲपची अक्षरं लहान आहेत, कीबोर्ड अधूनमधून अडकतो, चालायचंच.

चांगलं आधी सांगतो. इशारे तीन पायऱ्यांनी येतात. पहिल्या इशाऱ्यात फक्त सरळ अर्थाचे शब्द अधोरेखित होतात, दुसऱ्यात चलाखी कुठल्या जातीची ते कळतं, तिसऱ्यात एक अक्षर मिळतं. कोडं सुटलं की प्रत्येक उत्तराची फोड दाखवतात. मला ही फोड पहिले तीन महिने देवासारखी वाटली. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण 'फ्लॉवर' म्हणजे नदी हे मला या ॲपने सांगितलं. जी फ्लो होते ती फ्लॉवर. 'नंबर' म्हणजे बधिर करणारं औषध, जे नम्ब करतं ते. आणि ते जुनं प्रसिद्ध कोडं: क्लू म्हणून एचपासून ओपर्यंतची अक्षरं नुसती ओळीने दिलेली, उत्तर पाच अक्षरी, वॉटर. एच टू ओ. त्या दिवशी मी एकटाच स्वयंपाकघरात जाऊन हसत उभा राहिलो, तर हिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

नंतर फोडीबद्दलचं माझं मत बदललं आणि त्याला कारण अण्णा.

अण्णा शेजारी राहतात. जन्म टॉवेलच्या मागावर गेला. घरात तेलुगू, सासुरवाडीशी कानडी, बाजारात मराठी आणि इंग्रजी आठवीपर्यंतचं. सकाळी सव्वासहाला आम्ही सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला निघतो. मी अडलेला क्लू सहज मोठ्याने म्हणायचो. 'फ्लॉवर'ला ते म्हणाले, "मंगळवार बाजारात वीस रुपयाला गड्डा आहे की ओ." नदी सांगितल्यावर चालता चालता थांबले. तेव्हापासून रोज पहिला प्रश्न एकच: "काय ओ मास्तर, उगवलं का लंडन?"

गंमत म्हणजे इंग्रजी मला जास्त येतं आणि क्लू अण्णांना आधी फुटतात. ते म्हणतात, तुम्ही वाक्याचा अर्थ लावत बसता, मी कापड बघतो तसं बघतो, दोरा कुठं तुटलाय ते. शब्द मी वाचायचे, अर्थ मी सांगायचे, आणि कुठे कापायचं ते त्यांनी. एक क्लू कधी कधी अख्खी एक फेरी खातो. मग घरी येऊन ॲपची फोड उघडली की चार शब्दांत सगळं संपलेलं असतं, जेवणाआधीच कुणी भांडी घासून ठेवावीत तसं. सप्टेंबरपासून मी ती फोड बघणंच सोडलं. म्हणजे जुलैत ज्या गोष्टीसाठी साडेचार तारे देणार होतो, ती मी आता वापरतही नाही. पैसे मात्र तिचेही भरलेत.

फेऱ्यांमध्येच आमचे मराठी क्लू सुरू झाले. इंग्रजी कोड्यात 'फ्रेंचमधला द (the)' म्हटलं की ला किंवा ले येतं. अण्णा म्हणाले, फ्रेंच कशाला, आपल्याकडं कानडी आहे की. दुसऱ्या दिवशी हा क्लू घेऊन आले: "कानडीत ये, मराठीत जा, रस्त्याच्या तोंडाशी भाजी मिळेल." तीन अक्षरं. कानडीत ये म्हणजे बा, मराठीत जा, रस्त्याच्या तोंडाशी र. बाजार! इतका नेटका क्लू मला वर्षभरात लंडनहून आला नाही. मग मीही पेटलो. "आमचा दरवाजा उघडा, आतून सोलापूरची ओळख निघेल," तीन अक्षरं. आम'चा दर'वाजा, चादर. आणि "उलटी धरा की सुलटी, आमची भाकरी अशीच": कडक. हा अण्णांना तलावाची पायरी उतरायच्या आत सुटला, त्यामुळे मी थोडा नाराज झालो.

मराठीत एकच अडचण आहे. इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर, विषय संपला. आपल्याकडे चौकटीत काना-मात्रेसकट अक्षर बसतं, मग उलथापालथ करताना काना सोबत जातो की सुटा होतो? हिने क्लू घातला: "वानराची उलथापालथ केली, घरातच सापडला." उत्तर नवरा. मी म्हणालो, हा फाऊल आहे, वा-न-र मधला काना उडी मारून र वर जाऊन बसलाय. ती म्हणाली, "वानराच्या शब्दात उडी नाही तर काय असणार?" अण्णांनी निकाल तिच्या बाजूने दिला. मला अजूनही मान्य नाही.

आता मुद्द्यावर येतो. या ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात एक लहानशी ज्योत असते आणि तिच्याशेजारी सलग किती दिवस कोडं सोडवलं त्याचा आकडा. बक्षीस काही नाही, वर्गणीत सवलतही नाही. नुसता आकडा. माझा 26 ऑक्टोबरला 211 होता. जुलैत मला डेंग्यूसारखा ताप होता तेव्हाही सलाईन लावलेल्या हाताने कोडं भरलं होतं. नातीच्या बारशालाही भरलं होतं.

मी रोज पहाटे पाचला ॲप उघडतो. सोमवारी 27 ऑक्टोबरला उघडलं तर कालचंच कोडं, बरोबरच्या खुणेसकट. वाटलं, दिवाळी झाली, यांनाही सुट्टी असेल. लेक-जावई आले होते, तुळजापूरला गेलो, रात्री येऊन झोपलो. मंगळवारी पाचला उघडलं तर नवं कोडं हजर. निवांत भरलं. शेवटचा शब्द 5 वाजून 42 मिनिटांनी टाकला आणि ज्योतीशेजारी आकडा आला 0.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळं तासभर मागे घेतात. उन्हाळ्यात त्यांची मध्यरात्र आपल्याकडे साडेचारला होते, हिवाळ्यात साडेपाचला. म्हणजे मंगळवारी पाचला मी उघडलं ते सोमवारचंच कोडं होतं आणि साडेपाचला सोमवार संपला. बारा मिनिटं! एवढंच करायचं होतं, ज्योतीखाली एक ओळ टाकायची: दिवस लंडनचा आहे.

ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर, नोंदीनुसार तुम्ही त्या दिवशी कोडं सोडवलेलं नाही. दुसरं, तुमचं इंटरनेट तपासा. तिसऱ्यात वेळेबद्दलचं अटींमधलं एक कलम चिकटवलेलं, खाली हसरा चेहरा. सोबत पंधरा दिवस मुदतवाढ. मी मुदतवाढ मागितलीच नव्हती. (घेतली. 123 रुपये होतात.) मला 211 परत हवा होता.

हे सगळं एवढं मनाला का लागलं ते हिला कळत नाही, पण कोडी सोडवणाऱ्याला कळेल. रिची नावाचे एक कोडेकार होते, आफ्रिट या टोपणनावाने लिहायचे. त्यांनी 1949 मध्ये घालून दिलेला नियम आजही प्रमाण मानतात: कोडं घालणाऱ्याने वरवर भलतंच बोलावं, पण शब्द न् शब्द तपासला तर उत्तर त्यातूनच निघालं पाहिजे. फसवा, पण शब्दाला जागा. 'द हिंदू'त 1971 पासून क्रिप्टिक येतं, सुरुवातीची कोडी नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल कटारी घालायचे. ती मंडळी सोडवणाऱ्याला चकवायची, पण 'रोज' म्हणून त्यातला र आपल्या खिशात ठेवायची नाहीत. 'रोज एक कोडं' हा या ॲपच्या जाहिरातीतला क्लू अन्यायाचा आहे. रोज म्हणजे कुणाचा रोज, हे त्यात कुठेच नाही.

जानेवारीतली भर: गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीमुळे तलावाकडचं फिरणं आठवडाभर बंद होतं, तेव्हा कळलं की अण्णांशिवाय कोडं सुटतं पण दिवसभर खुपत राहतं. ॲप अजून वापरतोय, पैसे भरलेत म्हणून. आकडा आता 80 च्या पुढे गेलाय, मी त्यावर अंगठा ठेवून कोडं भरतो. कोड्यांना चार तारे, ज्योतीला शून्य, सरासरी काढायची तर दोन. पाडव्याला पुन्हा भरायचे का, तर अण्णा म्हणतात अर्धे मी देतो. त्यामुळे पंचाईत झालीय.

परवा ॲपच्या 'सूचना कळवा' या रकान्यात मी मराठीत एक क्लू टाकला: "साल काढा, नदीला पाणी चढलं, इथला दिवस वेगळा उगवतो." चार अक्षरं. दोन तासांत उत्तर आलं की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे.